मार्चअखेरच्या आधी: नव्या संस्थेने देणग्या कशा उभ्या कराव्यात

जानेवारी ते मार्च हे सामाजिक संस्थांचे सुगीचे दिवस. पगारदार मंडळी करबचतीची जुळवाजुळव करतात, कंपन्या सीएसआरचा (कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचा) उरलेला पैसा ३१ मार्चच्या आत मार्गी लावायला बघतात, आणि संस्थांना पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडायचे असते. नव्या संस्थांच्या सर्वाधिक चुकाही याच तीन महिन्यांत होतात, आणि त्यातल्या बहुतेक पावतीपाशी येऊन अडकतात. पावती कोणाच्या नावाने, पैसे कोणत्या खात्यात, कशासाठी, कोणत्या तारखेला? म्हणून देणगी मागायच्या आधी पावती फाडायचा अधिकार आपल्याला आहे का, हे पाहावे लागते.

यंदा काय बदलते आहे

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ लागू होतो. देणगीवरची करसवलत कायम आहे, पण ज्याला आपण सगळे ‘८०जी’ म्हणतो ते नव्या कायद्यात कलम १३३ होते. ३१ मार्चपर्यंतच्या देणग्या जुन्याच कायद्याखाली येतात. त्यामुळे एकदम पाच हजार पावत्यांची पुस्तके छापून घेऊ नका. मार्चपर्यंत पुरतील एवढी छापा आणि एप्रिलच्या पावतीचा मजकूर सीएकडून तपासून घ्या.

दुसरा बदल देणगीदाराच्या खिशातला आहे. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होणारी प्रणाली आहे आणि तिच्यात ८०जीची वजावट मिळत नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे मध्यमवर्गीय देणगीदारांपैकी पुष्कळांना ‘कर वाचेल’ या वाक्याचा आता उपयोग नाही. तरीही असंख्य संस्थांच्या पत्रकावर पहिली ओळ तीच असते. ती खाली सरकवा आणि वर तुमचे काम लिहा.

परदेशी पैसा आटतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने परदेशी मदत थांबवली, जुलैमध्ये यूएसएड ही मदत देणारी यंत्रणाच बंद झाली, आणि त्या पैशावर चालणारे आपल्याकडचे आरोग्याचे प्रकल्प अडचणीत आले. त्या संस्थाही आता देशातल्याच देणगीदारांकडे वळल्या आहेत, त्यामुळे कंपन्यांच्या दारात गर्दी वाढली आहे. नव्या संस्थेने तिथे रांग लावण्यापेक्षा आपल्या माणसांकडे आधी जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कागद आधी

महाराष्ट्रात बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली, धर्मादाय कार्यालयात. काहीजण कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढतात. नोंदणी नसताना सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची कलम ४१क ची तात्पुरती परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच.

नोंदणीनंतर आयकर खात्याकडे दोन गोष्टी घ्यायच्या: संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी १२एबी नोंदणी आणि देणगीदाराला वजावट देणारी ८०जी मान्यता. नव्या संस्थेला दोन्ही आधी तात्पुरत्या, तीन वर्षांसाठी मिळतात, फॉर्म १०ए भरून. खरी खोच पुढे आहे. कायम नोंदणीसाठी फॉर्म १०एबी भरायची मुदत तीन वर्षांची नाही. काम सुरू झाल्यापासून सहा महिने, किंवा तात्पुरती नोंदणी संपायच्या सहा महिने आधी, यांतले जे आधी येईल ते. ‘तीन वर्षे आहेत’ असे समजून बसलेल्या संस्थेची मुदत पहिल्याच वर्षी निघून जाते. दोन वर्षे सलग ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थेची १२एबी नोंदणी आता दहा वर्षांसाठी मिळू शकते, पण ८०जी पाचच वर्षांची राहते. दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या संपणार, हे कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

धर्मादाय कार्यालयाकडचा एक कागद नवखे हमखास विसरतात: बदल अर्ज. विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, की ९० दिवसांत तो दाखल करायचा. नाही केला, तर परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावे राहतात. मग बँक सही बदलून देत नाही आणि कंपनीची छाननी तिथेच थांबते. मोठी देणगी मंजूर होऊनही जमा होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांकही घेऊन ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि सरकारी अनुदानापासून परदेशी देणगीपर्यंत सगळीकडे तो मागतात.

आकडा काढा, तोही बारीक

‘यथाशक्ती मदत करा’ म्हटले की माणूस गोंधळतो. कशासाठी किती, हे सांगता आले पाहिजे. समजा, ३० मुलांची संध्याकाळची अभ्यासिका चालवायची आहे. वर्षाचा हिशेब असा मांडता येईल:

शिक्षिकेचे मानधन, महिना १०,००० रुपये: १,२०,०००
जागेचे भाडे आणि वीज, महिना ४,०००: ४८,०००
खाऊ, ३० मुले, रोज १० रुपये, २२० दिवस: ६६,०००
वह्या-पुस्तके, दर मुलामागे ८००: २४,०००
हिशेब, लेखापरीक्षण, छपाई: २२,०००
अडीअडचणीसाठी ५ टक्के: १४,०००
एकूण: २,९४,०००

यातून सांगण्याजोगे आकडे निघतात. एका मुलाचे वर्ष ९,८०० रुपयांत होते आणि एका दिवसाचा सगळ्यांचा खाऊ ३०० रुपयांत. आता रक्कम वाटून पाहा. पाच विश्वस्तांचे प्रत्येकी ५,००० म्हणजे २५,०००. महिना ५०० देणारे २५ जण मिळाले तर १,५०,०००. आठ जणांनी एकेका मुलाचे वर्ष उचलले तर ७८,४००. वाढदिवस, पुण्यतिथी, वर्षश्राद्ध यांच्या निमित्ताने १०० दिवसांचा खाऊ म्हणजे ३०,०००. उरले १०,६००, ते गावातल्या आठ-दहा दुकानदारांकडून. तीन लाखांचा डोंगर असा दीडशे घरांत वाटला जातो.

विश्वस्तांचे पैसे पहिल्या ओळीत आहेत ते मुद्दाम. ज्यांनी संस्था काढली त्यांनीच दिले नाहीत, तर दुसऱ्याने का द्यावेत? हा प्रश्न देणगीदार तोंडावर विचारत नाहीत, पण मनात ठेवतात.

एक धोका मात्र आहे. खाऊसाठी पैसे पटकन येतात, मानधनासाठी येत नाहीत. ‘खाऊसाठी’ म्हणून घेतलेले पैसे मानधनाला वापरणे म्हणजे देणगीदाराला फसवणे. म्हणून पावतीवर आणि निवेदनात ‘अभ्यासिकेच्या गरजेनुसार’ असे लिहा, किंवा खाऊच्या दिवसाची रक्कम ३०० ऐवजी ५०० ठेवून ‘खाऊ आणि त्या दिवसाचा अभ्यासिकेचा खर्च’ असे स्पष्ट सांगा.

यादी आणि मागणे

कोऱ्या वहीत शंभर नावे लिहा: नातलग, वर्गमित्र, जुने शिक्षक, सोसायटीतले शेजारी, किराणा दुकानदार, डॉक्टर, बँकेतले ओळखीचे. प्रत्येकापुढे तीन रकाने: कोण बोलणार, किती मागणार, कधी. रक्कम माणसागणिक ठरवा. निवृत्त शिक्षकांना महिना ५०० म्हणणे योग्य, त्यांच्याकडे थेट ५०,००० मागणे म्हणजे त्यांना अडचणीत टाकणे.

निमित्ते याच काळात भरपूर असतात. १४ जानेवारीला तिळगूळ घेऊन घरोघरी जाता येते. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर पालक आणि ग्रामस्थ एकत्र असतात, तेव्हा मुलांच्या कामाचा तक्ता लावा. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना शिक्षकांच्या मागे लागू नका. २०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या बारा दिवस आधी. शेवटच्या आवाहनासाठी यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही.

व्हॉट्सॲपवर शंभर जणांच्या गटात टाकलेला संदेश बहुतेक वाया जातो, कारण तो कोणाचाच नसतो. एकेकाला पाठवा, आणि पाठवण्याआधी शक्यतो फोन करा. संदेश असा असू द्या:

‘नमस्कार देशमुख सर. आपण परवा फोनवर बोललो तशी माहिती पाठवते आहे. वस्तीतल्या ३० मुलांची अभ्यासिका जूनपासून वर्षभर चालवायला २,९४,००० रुपये लागतात. विश्वस्तांनी २५,००० जमा केले आहेत. आपण महिना ५०० रुपये देऊ शकाल का? संस्थेच्या खात्याचा क्यूआर सोबत आहे. पैसे भरल्यावर पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन कळवावा, म्हणजे पावती त्याच दिवशी पाठवता येईल. रविवारी संध्याकाळी मुलांना भेटायला नक्की या.’

या संदेशात किती हवेत, कशासाठी आणि आधी किती जमले ते आहे, मागणी एकच आहे आणि शेवटी बोलावणे आहे. रडका फोटो नाही. मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय फिरवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. देणगीदारांचे पॅन आणि फोन नंबर हाही तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेला ऐवज आहे. ती यादी गटात फिरली तर देणगीदार परत येत नाही.

‘नाही’ म्हणणाऱ्याला धन्यवाद द्या आणि सहा महिन्यांनी कामाचे दोन फोटो पाठवा. मागू नका, फक्त कळवा. त्यातले काहीजण पुढच्या जानेवारीत आपणहून विचारतात.

महिना ठरावीक रक्कम देणाऱ्यांवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणसामागे एकेक पैसा जमवून तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा केला. आपल्याकडे थेंबाथेंबाने साठवायची परंपरा आहेच. आता यूपीआय ऑटोपेने हे काम सोपे झाले आहे. देणगीदार एकदा मान्यता देतो, आणि १५,००० रुपयांच्या आतली रक्कम पुढे दर महिन्याला पिन न टाकता वळती होते. पैसे कापायच्या आधी त्याला सूचना जाते. खात्यात शिल्लक नसली तर हप्ता चुकतो, म्हणून तारीख ५ ते १० मध्ये ठेवा, पगारानंतर लगेच. हप्ता चुकला तर दोन दिवसांत फोन करा. नंतर करायला अवघड वाटते आणि ते नाते तसेच सुटते.

पैसे आणि पावती

क्यूआर संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. सचिवांच्या किंवा खजिनदारांच्या वैयक्तिक खात्यात ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे पुढे लेखापरीक्षणात, आयकरात आणि गावातल्या चर्चेत, तिन्हीकडे छळतात.

रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर देणगीदाराला ८०जीची वजावट मिळत नाही. रोख नाकारायची गरज नाही, पण ‘सवलत हवी असेल तर ऑनलाइन किंवा चेकने द्या’ हे आधी सांगा. नंतर सांगितले तर भांडण ठरलेले.

यूपीआयची सर्वांत मोठी अडचण अशी की बँकेच्या उताऱ्यावर फक्त ‘५०० रुपये’ आणि एखादे टोपणनाव दिसते. कोणाचे पैसे ते कळत नाही. नावगाव नसलेल्या देणग्या निनावी ठरतात. सामाजिक संस्थेकडे अशा देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. दानपेटीलाही हेच लागू. म्हणून रोज रात्री उतारा काढून अनोळखी जमा शोधणे हे एका माणसाचे ठरलेले काम असू द्या. मार्चअखेर तीनशे अनोळखी जमा घेऊन बसलेल्या खजिनदाराला कोणीही मदत करू शकत नाही.

पावतीवर संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, संस्थेचा पॅन, ८०जीचा क्रमांक आणि तारीख, देणगीदाराचे नाव-पत्ता-पॅन, रक्कम, कशी दिली, आणि हेतू हे सगळे हवे. देणगी कायम निधीसाठी असेल तर ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत जमा करावी’ असे देणगीदाराचे सहीचे पत्र घ्या. तो पैसा बँक ठेवीसारख्या कायद्याने ठरवलेल्या जागीच गुंतवावा लागतो, रोजच्या खर्चाला वापरता येत नाही. पत्र नसेल तर ती साधी देणगी धरली जाते आणि करमाफी टिकवायला वर्षाच्या उत्पन्नातले जे ८५ टक्के खर्च करावे लागतात, त्या हिशेबात येते.

दुकानदाराच्या किंवा कारखानदाराच्या आभाराची पाटी लावली तर जीएसटी लागेल का, असे पुष्कळजण विचारतात. नुसते कृतज्ञतेने नाव लिहिले, धंद्याची जाहिरात केली नाही, तर लागत नाही. ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. ‘अमुक ब्रँडच्या सौजन्याने’ असा मोठा फलक आणि त्याबदल्यात पैसे, हे मात्र प्रायोजकत्व ठरते. तिथे सीएला विचारा.

कंपन्यांकडे जाताना

निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतले एक जरी असले तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. देशभरातला हा खर्च २०२३-२४ मध्ये ३४,९०० कोटींच्या आसपास होता आणि महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा. आकडा ऐकून नव्या संस्थेचे डोळे विस्फारतात, पण नियम आधी वाचा. कंपनीने स्वतः काढलेली संस्था नसेल, तर काम करणाऱ्या संस्थेला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय १२एबी, ८०जी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक. गेल्या वर्षी काढलेल्या संस्थेने सीएसआरच्या मागे जानेवारी घालवू नये. अनुभवी संस्थेच्या प्रकल्पात एखादे छोटे काम करून नोंदी साठवाव्यात.

तीन वर्षे झाली असतील तर वेळेचे गणित असे. फेब्रुवारीत पैसे उरलेल्या कंपनीला मार्चमध्ये पूर्ण होऊन बिल मिळेल असे काम हवे असते: शाळेचे बाक, पाणी गाळण्याचे यंत्र, विज्ञानपेटी. दोन लाखांचा असा प्रस्ताव दोन पानांत, दरपत्रकासह तयार ठेवा. वर्षभराच्या प्रकल्पासाठी मात्र एप्रिल ते जूनमध्ये जा, कारण तेव्हा कंपनीचे वर्षाचे नियोजन ठरत असते. सोबत तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संस्थेचे आयकर विवरण (आयटीआर-७), विश्वस्तांची यादी, परिशिष्ट १, ठरावाची प्रत आणि रद्द केलेला चेक एकाच फाइलमध्ये द्या.

प्रशासनावर ५ टक्केच खर्च करता येतो, असे काही अधिकारी सांगतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरची आहे, तुमच्या प्रकल्पातल्या शिक्षिकेच्या मानधनावरची नाही. नम्रपणे पण ठामपणे हे सांगा आणि हिशेबनिसाचा पगार अंदाजपत्रकातून गाळू नका.

परदेशातले आप्त

पुण्या-मुंबईच्या संस्थांकडे हा प्रश्न हमखास येतो. भाचा कॅलिफोर्नियात आहे, पैसे पाठवतो म्हणतो. पहिला प्रश्न विचारायचा तो पासपोर्टचा. भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तो अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचे) कार्ड असले तरी, त्याची देणगी परदेशी ठरते, पुण्यातल्या खात्यातून रुपयांत दिली तरीही. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी. ती मिळायला संस्था तीन वर्षे जुनी असावी लागते, आणि तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेले असावे लागतात. पैसे आधी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या अमेरिकेतल्या मराठी संस्थांकडे जायलाही हीच वाट. नोंदणी नसेल तर भाच्याला पुढच्या सुट्टीत अभ्यासिकेत शिकवायला बोलवा आणि पैसे विनम्रपणे नाकारा. इथे चुकीला माफी नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा ते मे

धर्मादाय कार्यालयात द्यायचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक वर्ष सुरू व्हायच्या एक महिना आधी, म्हणजे फेब्रुवारीतच गेलेले असावे. देणगीदारांना २५ मार्चची तारीख द्या. ३१ ला रात्री अडकलेला व्यवहार १ एप्रिलला जमा झाला, तर ती पुढच्या वर्षाची आणि नव्या कायद्याची देणगी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक, बँक उतारा आणि देणगीदारांची यादी समोरासमोर ठेवून जुळवा. तिन्हींची बेरीज एक आली पाहिजे. मग फॉर्म १०बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायचे देणग्यांचे विवरण भरायचे: प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, प्रकार. मुदत ३१ मे. त्यानंतर पोर्टलवरून निघणारे १०बीई प्रमाणपत्र त्याच तारखेपर्यंत देणगीदाराला पाठवायचे. त्याची वजावट या प्रमाणपत्रावरच अवलंबून असते, तुमच्या छापील पावतीवर नाही. उशीर झाला तर रोज २०० रुपये शुल्क, आणि वर १०,००० पासून एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पॅनमधले एक अक्षर चुकले तर सुधारित विवरण भरता येते, म्हणून १५ मेपर्यंत पहिले भरून टाका. प्रमाणपत्र पाठवताना सोबत अर्ध्या पानात लिहा: किती मुले आली, किती दिवस अभ्यासिका चालली, किती पैसे कशावर गेले, आणि जूनपासून पुढच्या वर्षासाठी आणखी किती लागणार.